जुन्या दोन-प्रोसेसर वर्कस्टेशनवर ओएस बसवताना इन्स्टॉलर अडकतो: कुठे, का आणि मग काय करायचे

दुसरासॉकेट (धागाकर्ता)

दोन सॉकेटच्या जुन्या वर्कस्टेशनवर इन्स्टॉलर मध्येच थांबला की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: आयएसओ बदला, पेनड्राइव्ह बदला, दुसरी डिस्ट्रो घ्या. त्यात दिवस जातो आणि हाती काही लागत नाही, कारण दोष आयएसओत क्वचितच असतो. मशीनमध्ये प्रोसेसर किती, कुठला इंटरप्ट (एखाद्या भागाने प्रोसेसरला दिलेली हाक) कोणत्या वाटेने येतो, कोणती रॅम कोणत्या सॉकेटला जोडलेली आहे, हे ओएसला आपोआप कळत नाही. फर्मवेअरने मेमरीत मांडून ठेवलेले तक्ते वाचून ते ठरते. पेंटियम प्रो ते पेंटियम थ्रीच्या बोर्डांवर हा इंटेलच्या मल्टिप्रोसेसर स्पेसिफिकेशनचा म्हणजे एमपीएसचा तक्ता असतो. नंतरच्या बोर्डांवर एसीपीआय या नंतरच्या मानकाचा एमएडीटी (प्रोसेसर आणि इंटरप्टचा तक्ता), आणि प्रत्येक सॉकेटची रॅम वेगळी असेल तर जोडीला एसआरएटी (कोणती रॅम कोणत्या सॉकेटची याचा तक्ता). एका प्रोसेसरवर या तक्त्यांतली चूक खपून जाते, दोनांवर खपत नाही.

म्हणून आधी शेवटची ओळ वाचा. सुरुवातीच्या मेनूत कर्नलची ओळ उघडून त्यातले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ काढून टाका. (या धाग्यात कर्नलचे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहू, टंकताना ते छोट्या रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहायचे.) पडदा फार लवकर गोठत असेल तर ‘अर्लीप्रिंटके=व्हीजीए’ जोडा. या मशीनांना बहुधा मागे सिरियल पोर्ट असतो, त्यावर ‘कन्सोल=टीटीवायएस०,११५२००’ (यातला एस मात्र मोठा) देऊन दुसऱ्या संगणकावर सगळा मजकूर साठवता येतो. पडद्याचा फोटो काढण्यापेक्षा हे फार बरे, कारण महत्त्वाची ओळ बहुतेकदा वर सरकून गेलेली असते.

बूटलोडरच आला नाही तर प्रश्न माध्यमाचा किंवा बायोसचा. कर्नल सुरू होऊन पहिल्या काही सेकंदांत, दुसरा प्रोसेसर जागा करण्याच्या ओळीवर थांबला तर प्रोसेसर, मायक्रोकोड (बायोसने प्रोसेसरला द्यायची आतली दुरुस्ती) किंवा तक्ता. पुढे जाऊन डिस्कचे टाइमआउट परत परत येऊ लागले तर इंटरप्टची वाट चुकली आहे. इन्स्टॉलर नीट उघडला पण डिस्कच दाखवत नाही, तर कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही किंवा डिस्कवर जुन्या रेडची (अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतीची) खूण आहे. सगळे बसले आणि रीबूटनंतर काहीच आले नाही, तर बूट विभाजन पाहा.

जागा सापडत नसेल तर मशीन कमीत कमी भागांवर उतरवा. पहिल्या सॉकेटमधला एकच प्रोसेसर, त्याच्याच स्लॉटांतली रॅम, एक डिस्क, एक ग्राफिक्स कार्ड, बाकी सगळी कार्डे बाहेर. ओएस बसली की एकेक वस्तू परत लावत जा. ज्या वस्तूनंतर अडते तिथे शोधायचे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नंतरच्या बऱ्याच बोर्डांवर दुसऱ्या प्रोसेसरची बारा व्होल्टची वेगळी केबल असते, ती नुसती सैल असली तरी तो प्रोसेसर दिसत नाही. आणि स्लॉट-१ च्या दोन-प्रोसेसर बोर्डांवर रिकाम्या स्लॉटात टर्मिनेटर कार्ड लागते. ते नसेल तर एका प्रोसेसरवर पोस्टही (सुरू होतानाची बायोसची तपासणी) होणार नाही किंवा मशीन अधूनमधून लटकेल.

कर्नलकाका

चांगला धागा. लिनक्सच्या बाजूने भर घालतो. लोक ‘नोएसएमपी’, ‘मॅक्ससीपीयूज=१’, ‘नोएपिक’ आणि ‘एसीपीआय=ऑफ’ हे चारही एकदम ओळीत टाकतात. मशीन बूट होते, पण काय बिघडले होते ते कधीच कळत नाही. एका वेळी एकच शब्द द्या, कारण चौघांचे काम वेगळे आहे.

‘मॅक्ससीपीयूज=१’ ने एकच प्रोसेसर चालू होतो, पण आय-ओ एपिक (प्रोसेसरांना इंटरप्ट वाटून देणारा कंट्रोलर) तसाच चालू राहतो. ‘नोएसएमपी’ दिले, किंवा तीच संख्या शून्य दिली, तर एकच प्रोसेसर राहतोच, शिवाय आय-ओ एपिकही बंद होतो. या फरकाचा उपयोग करून घ्या. ‘मॅक्ससीपीयूज=१’ ने इन्स्टॉलर पुढे गेला तर इंटरप्टची वाट बरोबर आहे आणि दोष दुसरा प्रोसेसर जागा होण्यात आहे: विजोड प्रोसेसर, जुना मायक्रोकोड, दोन घड्याळांत तफावत, असे काहीतरी. त्याने न जाता ‘नोएसएमपी’ ने गेला तर दोष इंटरप्टच्या तक्त्यात आहे, मग प्रोसेसर काढून पाहण्यात अर्थ नाही. तिथे ‘नोएपिक’ वेगळा देऊन खात्री करा. त्याने सगळे इंटरप्ट जुन्या ८२५९ कंट्रोलरमधून पहिल्या प्रोसेसरकडे जातात. दोन्ही प्रोसेसर काम करतात, फक्त डिस्क आणि नेटवर्कचा भार एकावर पडतो.

‘नोलॅपिक’ वेगळा, तो नजरचुकीने देऊ नका. लोकल एपिक (प्रत्येक प्रोसेसरमधला इंटरप्ट घेणारा भाग) बंद झाला की दुसरा प्रोसेसर उठवायची सोयच उरत नाही.

‘एसीपीआय=ऑफ’ चा परिणाम बोर्डाच्या वयावर ठरतो. एमपीएस तक्ता असलेल्या जुन्या बोर्डावर कर्नल तो वाचतो आणि दोन्ही प्रोसेसर मिळतात, मात्र हायपरथ्रेडिंगचे (एका कोअरने दोन प्रोसेसरांसारखे दिसण्याच्या सोयीचे) जोडधागे मिळत नाहीत, कारण त्या तक्त्यात ते लिहिलेलेच नसतात. नव्या बोर्डावर एमपीएस तक्ता नसेल तर एकच प्रोसेसर दिसेल. तेव्हा ‘एसीपीआय=ऑफ’ देऊन बसवले आणि आता एकच सॉकेट दिसते, ही तक्रार म्हणजे बिघाड नव्हे, त्या शब्दाचाच परिणाम आहे.

बायोसमध्ये एमपीएस १.१ की १.४ असा पर्याय असेल तर लिनक्स, विंडोज २००० आणि एक्सपीसाठी १.४ ठेवा. एकाहून जास्त पीसीआय बसची माहिती देणाऱ्या विस्तारित नोंदी १.४ मध्येच आहेत. दोन पीसीआय बस असलेल्या बोर्डावर १.१ ठेवले की दुसऱ्या बसवरचे स्कझी (जुन्या डिस्क-जोडणीचे) कार्ड दिसते पण त्याचा इंटरप्ट येत नाही, आणि पडद्यावर बस रीसेटच्या ओळींची रांग लागते.

निळापडदा

धागाकर्त्यांच्या एका सल्ल्याला जोरदार अपवाद आहे. विंडोज एनटी, २००० किंवा एक्सपी बसवायची असेल तर दुसरा प्रोसेसर काढून बसवू नका. या आवृत्त्यांत हाल, म्हणजे हार्डवेअर आणि कर्नल यांच्यामधला थर, सेटअपच्या वेळी एकदाच निवडला जातो आणि त्याला जुळणारा कर्नल डिस्कवर टाकला जातो. एकावर बसवून नंतर दुसरा लावला तर तो नुसता जागा अडवून बसतो.

२००० आणि एक्सपीमध्ये सहा हाल लक्षात ठेवा: स्टँडर्ड पीसी, एसीपीआय पीसी, एसीपीआय युनिप्रोसेसर, एसीपीआय मल्टिप्रोसेसर, एमपीएस युनिप्रोसेसर, एमपीएस मल्टिप्रोसेसर. आता काय बसले आहे ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कॉम्प्युटर’ उघडून पाहा. एसीपीआय युनिप्रोसेसर दिसत असेल तर तिथूनच ड्रायव्हर अपडेट करून मल्टिप्रोसेसर करता येतो, कारण दोन्ही एपिकवर चालतात. नुसते ‘एसीपीआय पीसी’ असेल तर ते जुन्या इंटरप्ट कंट्रोलरवर चालते. त्यावरून तशी उडी मारू नका, पुढच्या बूटला मशीन उठणार नाही. रिपेअर इन्स्टॉल किंवा नवी मांडणी, एवढेच दोन मार्ग.

सेटअपने चुकीचा हाल निवडू नये म्हणून तळाशी एफ६ दाबा असे येते तेव्हा एफ५ दाबा. हालची यादी उघडते, त्यातून हवा तो निवडा. त्याच वेळी एफ७ दाबले तर सेटअप काही न सांगता एसीपीआय सोडून देतो. एसीपीआयचा तक्ता सदोष असलेल्या बोर्डावर, म्हणजे स्टॉप ए५ येतो तिथे, हे उपयोगी पडते.

निळ्या पडद्यावरचा आकडा इथे बरेच काही सांगतो. स्टॉप ७९ म्हणजे हाल आणि कर्नल एकमेकांशी जुळत नाहीत, बहुधा एकाने फाइल हाताने बदलली आहे. स्टॉप ३ई म्हणजे दोन प्रोसेसर एका जातीचे नाहीत. स्टॉप ७बी म्हणजे बूट डिस्कपर्यंत पोचता येत नाही. व्हिस्टापासून पुढे स्टॉप १०१ दिसला तर एखाद्या प्रोसेसरला घड्याळाचा इंटरप्ट वेळेत मिळालेला नाही. तिथे विजोड प्रोसेसर, ओव्हरक्लॉक, जुना बायोस या क्रमाने तपासा.

सर्वांत जास्त ७बी येतो. एक्सपीच्या सीडीवर एएचसीआयचा (साटा डिस्क चालवण्याच्या नव्या पद्धतीचा) ड्रायव्हर नाही. एफ६ दाबून फ्लॉपीवरून द्या किंवा बायोसमध्ये साटा आयडीई पद्धतीवर ठेवा. यूएसबी फ्लॉपी सगळ्या चालत नाहीत, म्हणून बोर्डाच्या स्वतःच्या जोडणीवरची फ्लॉपी असेल तर तीच वापरा. नाहीतर ड्रायव्हर आधीच मिसळून नवी सीडी तयार करा.

आणि डिस्कचा आकार. पहिला सर्व्हिस पॅक नसलेली एक्सपी आणि सामान्य विंडोज २००० यांना १३७ जीबीच्या पुढचे नीट हाताळता येत नाही. २००० ला तिसरा सर्व्हिस पॅक आणि रजिस्ट्रीतली एक नोंद, दोन्ही लागतात. तोवर पहिले विभाजन त्या मर्यादेच्या आतच करा. मोठे केले तर सेटअप पूर्ण होतो, पण डिस्क भरत आल्यावर डेटा खराब होतो, आणि कारण तेव्हा कोणाला आठवत नाही.

नवशिका८६

निळापडदा, एक्सपीच्या होम आवृत्तीत एमपी हाल निवडला तर दोन्ही सॉकेट चालतील का? आणि दोन झिऑन, दोन्हींना हायपरथ्रेडिंग, असे असेल तर विंडोज २००० प्रोफेशनल किती वापरेल?

निळापडदा

होम एकच सॉकेट वापरते, हाल कोणताही असो. प्रोफेशनल दोन वापरते. एक्सपी सॉकेट मोजते, कोअर नाही, त्यामुळे दोन चार-कोअर झिऑन प्रोफेशनलमध्ये पूर्ण दिसतात.

विंडोज २००० चे तसे नाही. तिला हायपरथ्रेडिंग ठाऊकच नाही. दोन झिऑनचे चार प्रोसेसर मोजून प्रोफेशनल पहिल्या दोनांवर थांबते. बायोसने आधी दोन खरे प्रोसेसर मांडले असतील तर ठीक, नाहीतर एकाच झिऑनचे दोन जोडधागे चालतील आणि दुसरा सॉकेट रिकामा बसेल. बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग बंद करा, प्रश्न मिटतो.

रॅमपट्टी

रॅमबद्दल कोणी लिहिले नाही, आणि इन्स्टॉलरच्या मध्येच फाइल उलगडताना येणाऱ्या विचित्र चुका निम्म्याहून जास्त वेळा तिथूनच येतात.

५००० मालिकेच्या चिपसेटवर, म्हणजे झिऑन ५१००, ५३०० आणि ५४०० सोबत, एफबी-डिम (पूर्ण बफर असलेली रॅम) लागते. साधी ईसीसी डीडीआर२ त्यात बसत नाही. पट्ट्या जोडीने लावायच्या, दोन्ही एकाच क्षमतेच्या आणि एकाच रचनेच्या. प्रत्येक पट्टीवर बफरची स्वतंत्र चिप असते आणि ती चांगलीच तापते. रॅमवरचा पंखा किंवा हवेचा प्लास्टिकचा बोगदा काढून मशीन चालवले तर थंड असताना चाचणी पास होते आणि अर्ध्या तासाने इन्स्टॉलर कोसळतो. चाचणी झाकण लावूनच करा.

एलजीए १३६६ वर, म्हणजे झिऑन ५५०० आणि ५६०० वर, रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरमध्येच आहे. प्रत्येक प्रोसेसरला तीन चॅनल, म्हणून तीनच्या पटीत पट्ट्या लावा आणि दोन्ही सॉकेटांना सारख्या. रजिस्टर्ड आणि अनबफर्ड एकत्र कधीच चालत नाहीत. दुसरा प्रोसेसर काढलात की त्याच्या स्लॉटांतली रॅम दिसेनाशी होते. ती खराब झालेली नसते.

इथला एक दोष लवकर ओळखू येत नाही. एका सॉकेटला २४ जीबी लावली आणि १६ च दिसते, पट्ट्या बदलल्या तरी गहाळ स्लॉट तोच राहतो, तेव्हा पट्टीला दोष देऊ नका. हीटसिंकचे चार स्क्रू असमान आवळले गेले की सॉकेटवर एका बाजूने दाब येतो आणि काही पिना नीट टेकत नाहीत. पूर्ण एक चॅनल गायब होतो. हीटसिंक काढा, पिना भिंगाखाली पाहा, मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे फिरवत बसवा. पेस्ट नवी लावायला विसरू नका.

आणखी एक. भरपूर रॅम असलेल्या मशीनवर पहिल्या पोस्टला पडदा बराच वेळ काळा राहतो. लगेच बटण दाबून बंद करू नका.

दुसरासॉकेट

रॅमपट्टींनी लिहिले त्यातून एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. प्रोसेसर काढल्यावर रॅमच जाते असे नाही. झिऑन ई५ च्या मशीनांत पीसीआय-एक्सप्रेसच्या मार्गिकाही थेट प्रोसेसरमधून निघतात. काही स्लॉट पहिल्याचे, काही दुसऱ्याचे. ग्राफिक्स कार्ड दुसऱ्याच्या स्लॉटात असताना तो प्रोसेसर काढला तर पडदा काळाच राहणार. मशीन उतरवताना कार्ड पहिल्या प्रोसेसरच्या स्लॉटात आले आहे ना, हे बोर्डावरच्या छापील खुणांवरून किंवा झाकणाच्या आतल्या चित्रावरून पाहून घ्या.

प्रोसेसरची जोडी कशी निवडायची हेही विचारले जाते. एकच मॉडेल, आणि शक्यतो धातूच्या टोपीवरचा ‘एस’ ने सुरू होणारा इंटेलचा संकेतांकही तोच. स्टेपिंग (त्याच मॉडेलची उपआवृत्ती) वेगवेगळे असले तरी पुष्कळ जोड्या चालतात, पण दोन्हींचा मायक्रोकोड बायोसमध्ये हवा. जुना बायोस आणि नंतर आलेला प्रोसेसर अशी जोडी असेल तर आधी जुन्या प्रोसेसरवर बायोस अपडेट, मग अदलाबदल. काही बोर्डांवर तेवढ्यानेही भागत नाही. एचपीच्या झेड६०० आणि झेड८०० मध्ये बायोसच्या माहिती पडद्यावर बूट ब्लॉकची तारीख असते. ती २००९ ची असेल तर ५६०० मालिकेचे झिऑन चालत नाहीत, २०१० ची हवी. बायोस अपडेट केल्याने बूट ब्लॉक बदलत नाही, म्हणून प्रोसेसर घेण्याआधी ही तारीख पाहा.

कर्नलकाका

५५२० चिपसेटवर कर्नल एक लांबलचक इशारा देतो: इंटरप्ट रीमॅपिंग चालू आहे, पण या चिपसेटमध्ये त्याबद्दलचा ज्ञात दोष आहे, म्हणून ते बंद करत आहोत. हा इशारा पाहून इन्स्टॉल थांबवू नका. चिपसेटच्या सुरुवातीच्या आवृत्तीतला तो दोष इंटेलने प्रसिद्ध केलेला आहे आणि कर्नल योग्य तेच करतो. जुन्या कर्नलला ही जाणीव नसते, तो गोठतो. तिथे ‘इंटरिमॅप=ऑफ’ द्या, किंवा बायोसमध्ये व्हीटी-डी (आभासी मशीनला हार्डवेअर थेट देण्याची सोय) बंद करा. आभासी मशीनला ग्राफिक्स कार्ड थेट द्यायचे असेल तर मात्र रीमॅपिंग नसल्याने व्हीएफआयओला (कार्ड थेट देणाऱ्या कर्नलच्या भागाला) असुरक्षित इंटरप्टची परवानगी वेगळी द्यावी लागते. ज्या पाहुण्या मशीनवर विश्वास नाही तिच्यासाठी ती देऊ नये असे माझे स्पष्ट मत.

पडदा काळा होतो पण डिस्कचा दिवा लुकलुकतो आहे, कीबोर्डचा नंबरलॉक चालतो आहे, तर मशीन जिवंत आहे. जुने क्वाड्रो कार्ड असेल तर ‘नोमोडसेट’ देऊन इन्स्टॉलर पूर्ण करा. ग्राफिक्सचा योग्य ड्रायव्हर बसल्यावर तो शब्द काढून टाका, नाहीतर कमी रेझोल्यूशनवरच अडकून राहाल.

जुन्या ऑप्टरॉनच्या दोन-सॉकेट बोर्डांवर दोन प्रोसेसरांचे टाइमस्टॅम्प काउंटर हळूहळू एकमेकांपासून सरकतात. मग घड्याळ मागेपुढे उड्या मारते आणि फाइल भविष्यातली आहे असे इशारे येतात. तिथे बोर्डावरचे घड्याळ वापरायला ‘क्लॉकसोर्स=एचपीईटी’ द्या, आणि एचपीईटी नसेल तर ‘एसीपीआय_पीएम’.

नवशिका८६

डेबियनचा इन्स्टॉलर छान उघडतो, दोन्ही प्रोसेसर दिसतात, पण दोनपैकी एकच डिस्क दिसते. दुसरी बायोसमध्ये आहे. ती आधी रेडमध्ये होती. सुरुवातीचा भाग शून्यांनी पुसून पाहिला, फरक नाही. कुठे चुकते?

कर्नलकाका

चूक पुसण्याच्या जागेत आहे. इंटेलच्या चिपसेट रेडची खूण डिस्कच्या शेवटी असते, सुरुवातीला नाही. जीपीटीची (नव्या पद्धतीच्या विभाजन तक्त्याची) दुसरी प्रतही शेवटीच असते. म्हणून पहिला भाग पुसून काही होत नाही, आणि इन्स्टॉलर ती डिस्क अर्धवट रेडचा भाग समजून बाजूला ठेवतो. इन्स्टॉलरमधून शेल उघडा, त्या डिस्कवर ‘वाइपएफएस’ आधी नुसतेच चालवा. सापडलेल्या सगळ्या खुणा आणि त्यांच्या जागा दाखवेल, पुसणार काही नाही. डिस्क तीच आहे याची आकार आणि अनुक्रमांक पाहून खात्री झाली की ‘-ए’ जोडून परत चालवा. खूण एमडी रेडने उघडून धरली असेल तर आधी ‘एमडीएडीएम’ ने तो संच थांबवावा लागेल. मग बायोसमध्ये साटा एएचसीआयवर आणा आणि रीबूट करा.

दोन्ही डिस्क सॅस कंट्रोलरवर असतील आणि एकही दिसत नसेल तर गोष्ट निराळी. या पिढीच्या बऱ्याच वर्कस्टेशनांत बोर्डावरच एलएसआय १०६८ई असतो आणि त्याला ‘एमपीटीसॅस’ ड्रायव्हर लागतो. डेबियनमध्ये तो आहे. रेड हॅटने आठव्या आवृत्तीपासून तो काढला, त्यामुळे तिच्यावर बेतलेल्या डिस्ट्रोत इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. ईएलरेपोची ड्रायव्हर डिस्क ‘इन्स्ट.डीडी’ ने द्यायची, किंवा डिस्क चिपसेटच्या साटावर हलवायची. मी दुसरे सुचवीन, कारण १०६८ई ला दोन टेराबाइटच्या पुढची डिस्क पूर्ण दिसत नाही.

बिनरोमन

सूचनासंचाबद्दल थोडे. कर्नल पूर्ण चढतो, डिस्क दिसतात, आणि मग एकदम इनिट (कर्नलनंतर चालणारा पहिला प्रोग्रॅम) मेल्याचा कर्नल पॅनिक. वर एक ओळ असते की प्रोसेसर एक्स८६-६४-व्ही२ ला (६४-बिट सूचनासंचाच्या दुसऱ्या पातळीला) पुरा पडत नाही. हे कुठल्याच कर्नल शब्दाने सुटत नाही. रेड हॅट ९ ला व्ही२ लागते, म्हणजे एसएसई४.२ आणि पॉपकाउंट. झिऑन ५५०० पासून पुढे चालते, ५४०० वर नाही, तिथे एसएसई४.१ पर्यंतच आहे. रेड हॅट १० ला व्ही३ म्हणजे एव्हीएक्स२ लागते, त्यामुळे ई५ ची पहिली आणि दुसरी पिढीही बाहेर. अल्मालिनक्स १० मात्र व्ही२ साठी वेगळी बांधणी देते. डेबियन १३ ची ६४-बिट आवृत्ती अशा कोणत्याही अटीशिवाय जुन्या ६४-बिट झिऑनवर चालते. ३२-बिट मशीनसाठी तिचा इन्स्टॉलर नाही, तिथे १२ पर्यंतच.

विंडोजचेही असेच. आठपासून एनएक्स (डेटाच्या मेमरीतून कोड चालू न देण्याची सोय) आणि एसएसई२ अनिवार्य, म्हणून पेंटियम थ्री आणि ॲथलॉन एमपी बाद. एनएक्स असूनही स्टॉप ५डी येत असेल तर बायोसमध्ये ‘एक्झिक्यूट डिसेबल’ (एनएक्सचेच दुसरे नाव) बंद आहे का ते पाहा. ८.१ आणि १० च्या ६४-बिट आवृत्तीला १६ बाइटची तुलना-अदलाबदल सूचना लागते, ती सॉकेट ९४० च्या ऑप्टरॉनमध्ये नाही. ११ च्या २४एच२ ला पॉपकाउंट आणि एसएसई४.२.

दुसरासॉकेट

शेवटचा टप्पा राहिला: बसते, पण बूट होत नाही. या मशीनांत बहुधा जुना बायोस आहे, यूईएफआय नाही. डिस्क जीपीटी असेल तर ग्रबला (लिनक्सच्या बूटलोडरला) स्वतःचे एक एमआयबीचे, फाइल सिस्टिम नसलेले बायोस बूट विभाजन लागते. स्वयंचलित विभाजनात इन्स्टॉलर ते करतो, हाताने केले तर राहून जाते. तरीही बायोस डिस्क ओलांडून पुढे जात असेल, तर संरक्षक एमबीआरमधल्या (डिस्कच्या पहिल्याच सेक्टरातल्या जुन्या तक्त्यातल्या) नोंदीवर सक्रिय खूण नाही म्हणून ती बूटलायक मानली जात नसेल. पार्टेडमध्ये ‘डिस्क_सेट पीएमबीआर_बूट ऑन’ दिले की चालते. विंडोजला अशा बायोसवर एमबीआरच हवा, म्हणजे बूट डिस्क दोन टीआयबीपर्यंत.

एनव्हीएमई (पीसीआय-एक्सप्रेसवरच्या एसएसडी) कार्डावरून हा बायोस बूट करत नाही. ग्रब आणि ‘बूट’ विभाजन साटा डिस्कवर किंवा कायम लावलेल्या पेनड्राइव्हवर ठेवा, मूळ विभाजन एनव्हीएमईवर. कर्नल चढल्यावर ड्रायव्हर त्याचाच असतो, बायोसचा संबंध उरत नाही. इन्स्टॉल करताना पेनड्राइव्ह बोर्डाच्या स्वतःच्या यूएसबी २.० पोर्टात लावा. नंतर बसवलेल्या यूएसबी ३ कार्डावरून जुना बायोस बूट घेत नाही.

रॅमपट्टी

बॅटरी! सीआर२०३२ उतरलेली असेल तर तारीख मागे जाते आणि डेबियनमध्ये पॅकेजची यादी ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारली जाते, सुरक्षित जोडण्या प्रमाणपत्रावरून तुटतात. लोक नेटवर्क तपासत बसतात. याहून त्रासदायक म्हणजे वीज गेली की बायोसच्या मांडण्या मूळपदावर येतात, साटा एएचसीआयवरून दुसऱ्या पद्धतीवर जातो आणि काल नीट चाललेली विंडोज आज ७बी दाखवते. ओएस बसवण्याआधी बॅटरी नवी घाला.

नवशिका८६

‘वाइपएफएस’ ने शेवटची खूण सापडली, पुसल्यावर दोन्ही डिस्क आल्या. धन्यवाद कर्नलकाका. ओपनबीएसडीबद्दल कोणी सांगेल का? इन्स्टॉलर कधीच अडकत नाही, पहिल्या बूटला मात्र हमखास अडकतो.

बिनरोमन

इन्स्टॉलरचा कर्नल एकाच प्रोसेसरवर चालणारा असतो, म्हणून तो सुखरूप पार पडतो. एकाहून जास्त प्रोसेसर दिसले की तो बहुप्रोसेसर कर्नल ‘बीएसडी’ या नावाने बसवतो आणि एकेरी कर्नल ‘बीएसडी.एसपी’ म्हणून शेजारी ठेवतो. बूटच्या खुणेवर ‘बूट बीएसडी.एसपी’ द्या. तो चढला तर दोष पुन्हा तिथेच, दुसरा प्रोसेसर किंवा आय-ओ एपिक. बायोसमध्ये एमपीएस १.४ आहे का ते आधी बघा.

कर्नलकाका

दोन्ही प्रोसेसर लावल्यावर लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ मध्ये सॉकेट दोन दिसायला हवेत, आणि रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असेल तर न्यूमा नोडही (प्रोसेसर आणि त्याची स्वतःची रॅम असा गट) दोन. अशा मशीनवर सॉकेट दोन पण नोड एकच असेल तर बायोसमध्ये नोड इंटरलीव्हिंग चालू आहे, ते बंद करा. मग ‘प्रोक’ खालची ‘इंटरप्ट्स’ फाइल उघडा. डिस्कच्या ओळीत आय-ओ एपिक किंवा एमएसआय असावे. एक्सटी-पिक दिसले तर ‘नोएपिक’ ग्रबच्या ओळीत राहून गेला आहे. शिवाय ‘डीमेसेज’ मध्ये एमटीआरआर (मेमरीच्या कोणत्या भागाचे कॅशिंग करायचे हे ठरवणारी रजिस्टरे) सगळी मेमरी व्यापत नाहीत आणि इतकी रॅम सोडून देत आहोत अशी ओळ आहे का ते शोधा. असेल तर आधी बायोसची नवी आवृत्ती, आणि ती नसेल तर ‘एनेबल_एमटीआरआर_क्लीनअप’.